कॉकपिटमधला चकवा

चकवा म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रात्री जागलीला निघालेला माणूस, वावर त्याचंच, धुराही रोजच्या पायाखालचा. तरी पहाटेपर्यंत तो एकाच बाभळीभोवती फिरत राहतो. यातली खरी मेख अशी, की चकवा लागलेल्याला आपण चुकलोय असं वाटतच नाही. ‘ही विहीर गेली, आता पांदण लागेल’ असा त्याचा हिशेब चोख चालू असतो. विहीर दुसऱ्याची निघाली, तरी तो तिला आपलीच मानून पुढं जातो.

असाच चकवा 1962 च्या जुलैत अलिटालियाच्या एका डीसी-8 विमानाला लागला. सिडनीहून रोमला निघालेलं हे विमान बँकॉकहून मुंबईत उतरणार होतं. 7 तारीख लागून दहाएक मिनिटं झाली होती. काळोख आणि पावसाळी ढग. मुंबई जवळ आली असं समजून वैमानिकांनी विमान खाली आणायला सुरुवात केली. प्रत्यक्षात ते जुन्नरच्या डोंगरांवर होते आणि मुंबई अजून साधारण 80 किलोमीटर लांब होती. सुमारे 3600 फुटांवर, म्हणजे जवळपास आपल्या चिखलदऱ्याच्या उंचीला, विमान डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे 94 जण गेले. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा: आपण मुक्कामाच्या जवळ आहोत या चुकीच्या समजुतीनं विमान वेळेआधीच खाली आणलं गेलं, किमान सुरक्षित उंचीची मर्यादा मोडली गेली, आणि आपण नेमके कुठं आहोत हे पडताळायची साधनं असूनही ती वापरली गेली नाहीत.

साधनं होती, मग पाहिलं का नाही? कारण शंकाच आली नाही. मेंदू दर क्षणाला नव्यानं जग मोजत बसत नाही. तो एकदा नकाशा काढतो आणि पुढं येणारी प्रत्येक खूण त्या नकाशात बसवत जातो. ढगात तर त्याला खोटं पाडणारं बाहेर काहीच नसतं. त्यातून उतरणीच्या त्या शेवटच्या मिनिटांत वेग, उंची, फ्लॅप, चाकं, रेडिओवरच्या सूचना असं सगळं एकदम अंगावर येतं. ताण वाढला की कानावर पडलेलंही डोक्यापर्यंत पोचत नाही. वैमानिकांच्या प्रशिक्षणात याला परिस्थितीचं भान सुटणं म्हणतात. मला ‘चकवा’ हा शब्द जास्त नेमका वाटतो.

नुसत्या अंधाराला दोष देऊनही भागत नाही. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-8 मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाऐवजी शेजारच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढं निघून मोडलं. हीच चूक 1953 मध्ये ब्रिटिशांच्या कॉमेट विमानानंही केली होती. ते नशिबानं तिथून पुन्हा उडालं. धावपट्टी दिसेल अशी अपेक्षा होती, धावपट्टी दिसली, मन निर्धास्त झालं.

22 मे 2010 ची मंगळूरची दुर्घटना आणखी अस्वस्थ करते. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते. विमान गरजेपेक्षा उंचावरून येतंय हे सहवैमानिकाला कळलं होतं. उतरू नका, परत वर घ्या, असं तो तीनदा म्हणाला. विमान उतरलंच, टेबलासारख्या सपाट डोंगरमाथ्यावरून खाली कोसळलं आणि 158 जण मृत्युमुखी पडले. एकाचा चकवा दुसऱ्यानं ओळखला होता. पण वरिष्ठाच्या हातून सुकाणू काढून घेणं आपल्याकडं घरातही सोपं नसतं.

डोंगराच्या बाबतीत मात्र यंत्रानं बरीच राखण केली आहे. डॉन बेटमन या अभियंत्यानं घडवलेली, जमीन जवळ आली की ओरडणारी यंत्रणा 1970 च्या दशकात विमानांत आली. आधी तिला फक्त सरळ खालचं कळायचं, म्हणजे समोर कडा असेल तर इशारा उशिरा. पुढच्या पिढीच्या यंत्राच्या पोटात जगभरच्या डोंगरांचा नकाशा असतो, त्यामुळं ते पुढचंही बघतं.

आता आपल्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळाकडं येऊ. 16 एप्रिल 2025 ला मुंबईहून पहिलं प्रवासी एटीआर इथं उतरलं. मुंबईची मुख्य धावपट्टी 60 मीटर रुंद, बेलोऱ्याची 1850 मीटर लांब आणि रुंदीला कमी. इथं डोळा फसू शकतो. रुंद धावपट्टीची सवय झालेल्या डोळ्याला अरुंद पट्टी लांब वाटते, आपण फार उंच आहोत असा भास होतो आणि विमान नको तेवढं खाली नेलं जातं. त्यासाठी धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची रांग असते. दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर. चारही लाल दिसले तर विमान फार खाली आलं. इंग्रजी आद्याक्षरांनी या दिव्यांना ‘पापी’ म्हणतात. काम मात्र पुण्याचं.

चकवा लागला तर काय करावं, हे जुनी माणसं सांगतात: चालणं थांबव, धुऱ्यावर बस, उजाडू दे. विमानाला बसता येत नाही, पण वर जाता येतं. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, चढायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. एवढं सोपं असूनही, फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात बिघडलेल्या उतरणींपैकी जेमतेम 3 टक्के वेळाच वैमानिक परत वर गेलेले आढळले. मुक्काम समोर दिसत असताना पाय मागं घेणं जिवावर येतं. शिवाय मागं प्रवासी असतात. खालच्या पऱ्हाटीची बोंडं दिसू लागलेली, हात बॅगेच्या पट्ट्यावर गेलेले, आणि तेवढ्यात इंजिन गर्जतं, नाक वर होतं. मग कुणीतरी शेजाऱ्याला विचारतंच, ‘हे काऊन वर चाललं बाप्पा?’