कसाने : हत्तींच्या वाटेवरचे गाव

बोत्स्वानाच्या ईशान्य टोकाला, चोबे नदीच्या दक्षिण काठावर कसाने हे जेमतेम एका मुख्य रस्त्याचे गाव आहे. २०११ च्या जनगणनेत इथे सुमारे नऊ हजार माणसे मोजली गेली, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाहूनही लहान वस्ती. पर्यटनाच्या पुस्तिकांत त्याची ओळख ‘चोबे राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार’ एवढ्यावर उरकते. विमानतळावरून पाहुण्यांना थेट लॉजवर नेतात, आणि दोन-तीन दिवसांनी पन्नास-शंभर हत्तींचे फोटो घेऊन ते परततात. दारातून आत जायच्या घाईत दाराकडे कोण पाहणार? पण आफ्रिकेच्या दक्षिण भागातले वन्यजीवन खरोखर समजून घ्यायचे असेल, तर उद्यानाइतकेच हे गाव पाहिले पाहिजे. उद्यानात माणूस पाहुणा असतो, त्यामुळे त्याचे आणि जनावराचे भांडण उद्भवतच नाही. गावात मात्र दोघेही घरचे. तिथे सहजीवन हा भाषणातला शब्द राहत नाही. कोणती जागा कुणाची, कोणती वेळ कुणाची आणि नुकसान झाले तर ते कुणी सोसायचे, असा तो रोजचा व्यवहार होतो.

आधी भूगोल पाहू, कारण इथले सगळे त्यातूनच निघते. अंगोलात क्वांदो म्हणून उगम पावणारी नदी वाटेत लिन्यान्ती होते आणि कसानेपाशी येईपर्यंत चोबे. गावाच्या पूर्वेला काही किलोमीटरवर, काझुंगुला इथे, ती झांबेझीला मिळते. झांबेझीला पूर आला की पाणी चोबेच्या पात्रात उलटे चढते आणि समोरचे सपाट गवताळ रान महिनोन्महिने पाण्याखाली जाते. बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या चार देशांच्या सीमा इथे जवळजवळ एका बिंदूत येतात. बोत्स्वाना आणि झांबिया यांची सामाईक सीमा तर जेमतेम दीडशे मीटरची. नदीतल्या सेडुडू नावाच्या, साडेतीन चौरस किलोमीटरच्या गवताळ बेटासाठी बोत्स्वाना आणि नामिबिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. नामिबियात या बेटाला कासिकिली म्हणतात. १३ डिसेंबर १९९९ रोजी निकाल बोत्स्वानाच्या बाजूने लागला, पण बेटाच्या दोन्ही बाजूंच्या प्रवाहांत दोन्ही देशांच्या नावांना मुक्त वाट राहील, असेही न्यायालयाने नमूद केले. ज्या बेटासाठी हा खटला लढला गेला, तिथे घरे नाहीत. पूर ओसरला की हत्ती, आफ्रिकी रानम्हशी आणि पाणघोडे चरतात. हत्ती एका देशातून सोंड वर करून पोहत निघतात आणि दुसऱ्या देशात बाहेर पडतात.

या भूगोलाचे व्यवहारात काय होते, ते मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत दिसते. पावसाळ्यात आतल्या रानातली उथळ तळी भरलेली असतात आणि कळप पांगलेले असतात. तळी आटली की बारमाही पाणी उरते ते नदीलाच. मोठा हत्ती दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी पितो, तेव्हा कळपांना नदीवर यावेच लागते. आणि गावाच्या मागचे राखीव वन व पुढची नदी यांच्या मधोमध नेमके कसाने पसरले आहे. इथे दोन मार्ग होते. एक, गावाभोवती कुंपण घालायचे आणि ते रोज तुटताना पाहायचे. दुसरा, गावातच वाट सोडायची. कसाने आणि काझुंगुला इथे वनापासून नदीपर्यंत जाणारे काही पट्टे बांधकामाविना मोकळे ठेवले आहेत. कॅमेरे लावून झालेल्या अभ्यासात असे दिसले, की हत्ती हे पट्टे मुख्यतः रात्री, माणसांची वर्दळ थांबल्यावर वापरतात. म्हणजे तडजोड एकतर्फी नाही. माणसांनी जागा सोडली आहे आणि हत्तींनी वेळ बदलली आहे. पट्ट्यालगत एखादी भिंत वाढली तर ते नुकसान फक्त निसर्गाचे नसते. हत्ती दुसरी वाट शोधतो, आणि ती एखाद्याच्या परसातून जाते.

मोठ्या जनावरांचे हे खाते बऱ्यापैकी सांभाळले गेले. चूक झाली ती छोट्या बाबतीत, आणि ती अधिक बोलकी आहे. कसानेत पट्टेरी मुंगसांच्या टोळ्या हिंडतात. मांजराहून लहान, पाठीवर आडव्या रेघा, सतत चिवचिवणारा हा प्राणी किडे उकरून खातो. लॉजच्या आणि घरांच्या मागे टाकलेले खरकटे त्याला किड्यांपेक्षा सोपे वाटले. एका ढिगावर पुष्कळ मुंगसे जमली की भांडणे होतात आणि नाका-तोंडाला ओरखडे येतात. चोबेतल्या या मुंगसांमध्ये क्षयाच्या जंतूंच्या कुळातला एक नवाच जंतू सापडला आणि २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. मुंगसे एकमेकांना खुणा देण्यासाठी शरीरातला स्राव चोपडतात. त्यातून हा जंतू नाकाच्या जखमेवाटे शिरतो. हत्तीसाठी वाट सोडणाऱ्या गावाला कचऱ्याच्या डब्याचे झाकण मात्र वेळेवर सुचले नाही. वन्यजीवांसोबत राहणे हे शौर्याचे नव्हे, सफाईचे काम आहे, हे या एका उदाहरणावरून पटावे.

इथे काम करणाऱ्यांकडे पाहिले की हाच मुद्दा आणखी ठळक होतो. गावातले बरेचसे रोजगार लॉज, नावा आणि वाहने यांच्याभोवती आहेत. वाटाड्याला परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. नुसते प्राणी ओळखता येऊन भागत नाही, नाव हत्तीच्या किती जवळ न्यायची आणि कधी इंजिन बंद करायचे, हे कळावे लागते. उद्यानातल्या चोबे गेम लॉजने वाटाड्यांचा ताफा पूर्णपणे स्त्रियांचा उभा केला आणि आवाज न करणाऱ्या विजेवरच्या नावा आणल्या. उद्यानापलीकडच्या शेतीपट्ट्यातली माबेले, कावींबा, काचिकाऊ ही गावे तर उद्यानाच्याच शेजारी आहेत. तिथल्या माणसाला इस्पितळासाठी किंवा कचेरीच्या कामासाठी कसानेला यायचे, तर सरळ डांबरी रस्ता उद्यानातून जातो. फाटकावर नोंद करायची, पुढे हत्ती दिसला तर थांबायचे, तो गेला की निघायचे. पाहुण्यासाठी जी सफारी, ती यांची बाजारहाटाची वाट. शिवाय कसाने हे मालवाहतुकीचेही नाके आहे. झांबेझीवर एकेकाळी तराफ्यातून ट्रक पलीकडे नेत आणि रांगेत दिवस जात. मे २०२१ मध्ये तिथे ९२३ मीटर लांबीचा रस्ता आणि रेल्वेचा पूल खुला झाला. झिंबाब्वेच्या हद्दीला न शिवण्यासाठी तो चक्क वळवून बांधला आहे. नोकरीनिमित्त इथे वर्ष-दोन वर्षे राहणारा डॉक्टर, अभियंता किंवा शिक्षक जे पाहतो, ते तीन दिवसांच्या पाहुण्याला दिसत नाही. नदी उलटी वाहताना, तळी आटताना, कळप पांगताना आणि पुन्हा जमताना तो पाहतो.

कसानेच्या या पद्धतीवर पहिला आक्षेप ठरलेला असतो. बोत्स्वानात माणसेच कमी, म्हणून त्यांना हे परवडते. आकडे पाहता आक्षेप पोकळ नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या साडेतेवीस लाखांच्या घरात आणि क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट. पण या देशातला बराच भाग कलहारीची कोरडी वाळू आहे. पाणी मोजक्या ठिकाणी आहे, आणि जिथे पाणी तिथेच माणूस आणि हत्ती दोघेही येतात. २०२२ मध्ये पाच देशांत मिळून झालेल्या हवाई गणनेत सुमारे २ लाख २८ हजार हत्ती आढळले. त्यांपैकी १ लाख ३२ हजारांच्या आसपास एकट्या बोत्स्वानात होते. देश विरळ असेल, नदीकाठ मुळीच विरळ नाही. एकीकडे उद्यान, मागे राखीव वन, पुढे नदी आणि पलीकडे परका देश अशा चिमटीत कसाने आहे. मोकळी जमीन मुबलक असती तर पट्टे आखण्याची वेळच आली नसती.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींकडून येतो. हत्ती अती झाले आणि त्यांनी नदीकाठची झाडी उद्ध्वस्त केली, असे ते म्हणतात. चोबेच्या काठावर वाळलेल्या खोडांचे सांगाडे उभे आहेत, हे खरे. पण ही झाडी मुळात केव्हा वाढली, हे पाहायला हवे. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंतासाठी इथले हत्ती जवळजवळ संपवले गेले. मग १८९० च्या दशकात बुळकांडीच्या साथीने रानम्हशी आणि हरणे मोठ्या संख्येने मेली. कोवळी रोपे खाणारे तोंडच उरले नाही, तेव्हा ती वाढून मोठी झाली. ज्याला आपण मूळचे जंगल समजतो, ते बऱ्याच अंशी ओसाडीत उगवलेले जंगल होते, असे या भागात काम केलेले संशोधक मांडतात. त्यात माणसाचाही हात होता. आज उद्यानात असलेल्या सेरोंडेला इथे लाकूडतोडीची वस्ती आणि करवतीचा कारखाना होता. १९६० च्या दशकात उद्यान जाहीर झाले, तरी शेवटचे रहिवासी १९७५ मध्ये हलले. त्याच वर्षी हॉलिवूडचे तारे एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांनी चोबेच्या काठी एकमेकांशी दुसऱ्यांदा लग्न केले आणि ‘अस्पर्शित आफ्रिका’ म्हणून हा काठ जगभर गाजला. अस्पर्शित तो कधीच नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पाहुणे आनंद घेतात, लॉजमालक पैसा घेतात आणि हत्तीने तुडवलेले शेत गरिबाच्या वाट्याला येते. हे नाकारता येत नाही. एका रात्रीत वर्षाचे धान्य जाते. सरकारी भरपाई असते, पण गमावलेले पीक आणि कधी गमावलेला माणूस तिच्यात मावत नाही. मिरची आणि शेण एकत्र थापून धुमसवणे, मधमाश्यांच्या पेट्यांचे कुंपण घालणे हे उपाय उपयोगी आहेत, पण रात्रभर जागणारा शेतकरी त्यांनाही लागतोच. रानम्हशींमधून गुरांना लाळ्या-खुरकूत होण्याचा धोका असल्याने इथल्या गोमांसाला परदेशी बाजार जवळपास बंद. सरकारने २०१४ मध्ये हत्तींच्या शिकारीवर बंदी घातली आणि गावांना शिकारीच्या परवान्यांतून मिळणारे उत्पन्न थांबले. २०१९ मध्ये बंदी उठली आणि पाश्चात्त्य देशांत टीका झाली. २०२४ मध्ये जर्मनीत शिकारीच्या ट्रॉफींच्या आयातीवर निर्बंधांची चर्चा सुरू झाली, तेव्हा तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मोकग्वीत्सी मसीसी यांनी वीस हजार हत्ती जर्मनीला पाठवून देण्याची भाषा केली. शिकारीचे समर्थन न करताही त्या उपरोधातला मुद्दा मान्य करता येतो. हत्ती सगळ्या जगाचे असतील, तर त्यांचा खर्च एका गावाने का सोसायचा? या आक्षेपाने कसानेची पद्धत खोटी ठरत नाही, अपुरी ठरते. वाट सोडण्याची जबाबदारी गावाने घेतली, मोबदल्याची जबाबदारी अजून कुणी पुरती घेतलेली नाही.

पाच देशांच्या काझा या संयुक्त संवर्धन क्षेत्राचे सचिवालय कसानेतच आहे. २०११ मध्ये करार झालेले हे क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरहून मोठे, म्हणजे आख्ख्या महाराष्ट्राहून कितीतरी विस्तीर्ण आहे. त्याचा कारभार जिथून चालतो, त्या गावाच्या दोन घरांमधून हत्ती पाण्यावर जातात, हे प्रतीक म्हणून ठरवूनही सुचले नसते. आपल्याकडे दोडामार्गच्या बागांत किंवा गडचिरोलीच्या भातशेतीत हत्ती शिरले, की ‘त्यांना परत पाठवा’ ही पहिली मागणी असते. ती करणाऱ्याचे नुकसान खरे असते, म्हणून तिला हसू नये. पण कसानेचा अनुभव सांगतो, की हत्तीला परत पाठवायला आधी त्याची वाट कोणती, हे कागदावर यावे लागते. कोरड्या महिन्यांत चोबेला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने नदीवरच्या नावेतले दोन तास जरूर घ्यावेत. मात्र एक सकाळ गावासाठी राखावी, आणि दोन कुंपणांच्या मधला मोकळा, काहीही न बांधलेला पट्टा नीट पाहावा. कसानेतले सर्वांत महत्त्वाचे बांधकाम तेच आहे.