कॅराव्हॅनमधील फिरते आसन : सोय मोठी, जबाबदारीही मोठी

पेण/रोहा - पावसाळा ओसरला, की मुंबई-गोवा महामार्गावर पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या टप्प्यात पर्यटकांची वर्दळ वाढू लागते. कुणाला कुंडलिकेतील राफ्टिंग खुणावते, कुणी रोह्यामार्गे मुरूडचा किनारा गाठतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. लहान व्हॅनमध्येच बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून भटकंती करण्याची कल्पनाही आता नवखी राहिलेली नाही. मात्र अशा वाहनात सर्वाधिक टंचाई असते ती जागेची. मुक्कामाच्या ठिकाणी चालकाशेजारचे आसन रस्त्याकडे तोंड करून रिकामे राहते आणि मागे चौघे दाटीवाटीने बसतात. हेच आसन मागे वळविता आले, तर जेवणाच्या मेजाभोवती आणखी एक जागा मिळते. युरोपातील कॅराव्हॅनमध्ये ही सोय सर्रास आढळते. आपल्याकडे ती करून घेण्यापूर्वी मात्र काही गोष्टी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

रचना कशी असते?

फिरत्या आसनाचे तंत्र गुंतागुंतीचे नाही. आसनाचे रूळ आणि त्याखालील बैठक यांच्यामध्ये पोलादाच्या दोन पाट्या बसविल्या जातात. खालची पाटी स्थिर राहते, वरची मधल्या खिळीभोवती फिरते. खटका ओढला, की आसन सुटते आणि ठरलेल्या जागी येताच पुन्हा पक्के बसते. चांगल्या प्रतीच्या पाट्यांत ही खिळी मध्यभागी नसून थोडी बाजूला असते. त्यामुळे वळताना आसन आतल्या बाजूस सरकते आणि दाराच्या खांबाला घासत नाही. अशा पाट्या डाव्या व उजव्या बाजूसाठी वेगळ्या असतात. आपल्याकडे सहप्रवासी डावीकडे बसतो, तर युरोपातील बहुतेक देशांत उजवीकडे. परदेशी पाटी मागविताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

पाट्यांच्या जाडीमुळे आसनाची उंची काही सेंटिमीटरने वाढते. ठेंगण्या व्यक्तीचे पाय मग अधांतरी राहतात आणि उंच व्यक्तीचे डोके छताला टेकू लागते. त्यासाठी कमी उंचीची बैठक घ्यावी लागते. हातब्रेकचा दांडा, गिअरची दांडी आणि आसनामागील पडदी आड येत नाही ना, हेही आधी मोजून पाहावे लागते.

प्रत्येक व्हॅनमध्ये ही रचना जमेलच असे नाही. मारुती ईकोमध्ये इंजिन पुढील आसनांखाली असते. दुरुस्तीसाठी आसन उचलावे लागत असल्याने तेथे फिरती पाटी बसविणे अडचणीचे ठरते. इंजिन पुढे नाकाड्यात असलेल्या आणि चालककक्षातून थेट मागे जाता येणाऱ्या व्हॅनमध्ये हे काम तुलनेने सोपे जाते.

आघाताचे गणित

वाहन थांबलेले असताना आसन हे केवळ फर्निचर असते. धावू लागले, की ते सुरक्षा व्यवस्थेचा भाग बनते. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन आदळून ६० सेंटिमीटर अंतरात थांबले, तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सरासरी १६ पट बल येते. ६० किलोची व्यक्ती आणि २० किलोचे आसन यांचा हिशेब केल्यास हा भार सुमारे १,३०० किलोवर जातो. पट्ट्याचे कुलूप आसनालाच जोडलेले असेल, तर यातील मोठा वाटा पाटी, खटका आणि चार बोल्टांना सोसावा लागतो. गॅरेजमध्ये कापून, वेल्डिंग करून तयार केलेली पाटी सहज फिरेल; पण ती हा भार पेलेल याची हमी कोण देणार?

पट्ट्याचे वरचे टोक दाराच्या खांबावर असते, ते आसनाबरोबर फिरत नाही. शिवाय २०२१ पासून नव्या मोटारींत पुढील प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची आहे. तिची रचना समोर तोंड करून बसलेल्या व्यक्तीसाठी असते. म्हणून वाहन चालू असताना आसन पुढे तोंड करून, खटक्यात घट्ट अडकलेलेच असले पाहिजे. वळविलेल्या आसनावर बसून प्रवास करणे जिवावर बेतू शकते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनधारकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निकालात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवानगीने बदल केल्यास १४ दिवसांत त्याची माहिती देऊन नोंदणीपत्रात नोंद करून घ्यावी लागते.

पेण, रोहा व जिल्ह्यातील ‘एमएच ०६’ क्रमांकाच्या वाहनांची नोंद पेण येथील परिवहन कार्यालयात होते. आसन खोलण्यापूर्वी तेथे लेखी अर्ज करणे हाच योग्य मार्ग होय. कारागिराच्या ‘चालते हो’ या आश्वासनावर विसंबणे धोक्याचे आहे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. अन्यथा अपघातानंतर भरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो.

चाचणी घेतलेले फिरते आसन आपल्याकडे अशक्य नाही, हेही दिसून आले आहे. मारुती सुझुकीने डिसेंबर २०२५ मध्ये वॅगन-आरसाठी असे आसन सादर केले. ज्येष्ठ व दिव्यांग व्यक्तींना चढ-उतार सुलभ व्हावी म्हणून ते दाराबाहेर वळते. पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेत त्याची सुरक्षा चाचणी झाली आहे. कॅराव्हॅनमधील आसन आत वळते, एवढाच फरक. कसोटी मात्र तीच हवी.

हे लक्षात ठेवा

- आपल्या वाहनाच्या नेमक्या मॉडेलसाठी बनविलेली पाटी आणि तिचे चाचणी प्रमाणपत्र मागावे.
- उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच बोल्ट वापरावेत व ते टॉर्क पान्याने आवळावेत. रुळांना वेल्डिंग करू नये.
- पट्ट्याच्या सूचक दिव्याची वा एअरबॅगची आसनाखालील तार फिरताना ताणली जात नाही ना, हे तपासावे.
- कोकणातील पाऊस, खारी हवा आणि खड्डे यांमुळे पाटी गंजते, बोल्ट सैल होतात. पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करावी.
- निघण्यापूर्वी आसन दोन्ही हातांनी हलवून खटका बसल्याची खात्री करावी.

कुंडलिकेच्या काठी गाडी उभी करून, आसन मागे वळवून घेतलेल्या चहाची गोडी वेगळीच. त्या सुखासाठी एक लेखी अर्ज आणि एक प्रमाणित पाटी एवढी किंमत फार नव्हे.