स्पिटफायरचा पंख, चार बिंदूंत

दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर ओळखावं ते पंखांवरून. मुळापासून टोकापर्यंत कुठे सरळ कड म्हणून नाही. आर. जे. मिचेल यांच्या चमूनं आखलेलं हे विमान ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडालं आणि तो पंख घडवताना कारखान्यांच्या नाकी नऊ आले. आज विमानांची रेखाचित्रं संगणकावर काढण्याचा छंद असलेला माणूस मात्र तोच पंख चहा थंड व्हायच्या आत काढून मोकळा होतो. कारण दोन्ही बाजूंचे पंख मिळून होणारा आकार मुळात दोन अर्ध्या लंबवर्तुळांचा आहे. दोन्हींची लांबी सारखी; पुढचं अरुंद, मागचं रुंद. इंकस्केपसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन लंबवर्तुळं काढायची, अर्धी कापायची आणि लांबीच्या रेषेवर एकमेकांना चिकटवायची.

खरी गंमत पुढे आहे. ती वळणदार कड संगणकाच्या फाइलमध्ये कुठेच नसते. एका पंखाची पुढची कड म्हणजे लंबवर्तुळाचा पाव भाग, आणि तेवढ्यासाठी फाइलमध्ये असतात फक्त चार बिंदू. दोन कडेच्या टोकांना; उरलेले दोन रेषेबाहेर, अधांतरी. रेषा त्यांना शिवतसुद्धा नाही, पण त्यांच्या ओढीनं वाकते.

कशी, ते वहीत करून पाहता येतं. चार बिंदू ओळीनं जोडा, तीन रेषा मिळतील. त्यांचे मध्य जोडा, दोन रेषा. त्यांचेही मध्य जोडा, एक रेषा. तिचा मध्य नेमका वक्रावर पडतो! दरवेळी मध्याऐवजी एक तृतीयांशावर खूण करा, वक्रावरचा आणखी एक बिंदू मिळेल. रेषांचे भाग पाडण्यापलीकडे यात काहीही नाही.

ही युक्ती सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये शोधली. कंपनीनं ती गुपित ठेवली. रेनो कंपनीतले पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच वक्रांपर्यंत पोचले, त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि नाव बेझिए यांचं लागलं. पण त्याआधीच विमानवाले या वाटेवर होते. पूर्वी विमानाची वळणं जमिनीवर खऱ्या मापात आखत. लाकडाची लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून धरायची आणि ती वाकेल तशी रेघ ओढायची. अमेरिकेत रॉय लायमिंग यांनी मस्टँग विमानाची वळणं आकडेमोडीनं बांधली. आपण माउसनं जो बिंदू ओढतो, तो त्या शिशाच्या वजनाचाच वारस. (आपण वाचतो त्या छापील अक्षरांची वळणंही आता अशाच वक्रांची असतात, हे जाता जाता.)

चार बिंदूंच्या या वक्रातून तंतोतंत लंबवर्तुळ मात्र कधीच निघत नाही. चूक राहते, फार तर ०.०२७ टक्के. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, १:७२ प्रमाणात तो १५६ मिलिमीटर होतो आणि आडव्या ए-फोर कागदावर आरामात मावतो. त्यावर ही चूक भरते ०.०२ मिलिमीटर. प्रति इंच ६०० ठिपके छापणाऱ्या प्रिंटरचा एक ठिपका याच्या दुप्पट!

म्हणून फोटोवरून आपोआप रेषा काढून देणाऱ्या सोयीवर माझा राग आहे. ती पंखाच्या कडेवर शेकडो बिंदू पेरते आणि कड थरथरती दिसते. बिंदू जितके कमी, तितकं वळण नितळ. शिवाय जवळून घेतलेल्या फोटोत नाक फुगतं, शेपूट आक्रसते. मूळ मापं आणि वरून, बाजूनं, समोरून अशी तीन दृश्यं हाताशी ठेवलेली बरी.

रेषेच्या जाडीचा हिशेब तर आणखी विचित्र. कागदावरची ०.१ मिलिमीटरची बारीक रेघ १:७२ प्रमाणात ७.२ मिलिमीटरची होते. विमानाच्या दोन पत्र्यांमध्ये एवढी फट असेल, तर कुणी त्यात बसणार नाही. म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणारी प्रत्येक रेघ अतिशयोक्ती असते. बाह्यरेषा तर खऱ्या विमानाला नसतेच. तरी ती ०.३५ आणि आतले सांधे ०.१३ मिलिमीटरचे ठेवले की डोळा खुशाल फसतो.

छापताना ‘कागदात बसवा’ हा पर्याय बंद करून १०० टक्के निवडायचं, नाहीतर प्रिंटर गुपचूप प्रमाण बदलतो. चित्राच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ ठेवली, तर साध्या फूटपट्टीनं चोरी पकडता येते. आणि याच प्रमाणात बोइंग ७४७-४०० हवं असेल, तर घरचा प्रिंटर विसरा. ते भरतं ९८ सेंटिमीटर लांब. त्यासाठी मोठा कागद आणि इमारतींचे नकाशे छापणारं दुकान गाठावं लागतं.