पट्टी चढते, गळा बदलतो

लेडी गागाचं ‘ब्लडी मेरी’ २०११च्या ‘बॉर्न धिस वे’ या अल्बममधलं. नोव्हेंबर २०२२मध्ये नेटफ्लिक्सवर ‘वेन्स्डे’ ही मालिका आली. तिच्यातल्या गाजलेल्या नाचाला पार्श्वभूमी आहे द क्रॅम्प्स या बँडच्या गाण्याची. टिकटॉकवर मात्र लोकांनी त्या नाचाखाली वेग वाढवलेलं ‘ब्लडी मेरी’ लावलं, आणि ते इतकं पसरलं की अकरा वर्षांनी गागाच्या रेकॉर्ड कंपनीने मूळ गाणं सिंगल म्हणून रेडिओकडे पाठवलं. मिगेलच्या ‘शुअर थिंग’चंही तसंच. वाढवलेल्या वेगात पसरून ते २०२३मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या खेपेपेक्षाही वर चढलं.

एवढं काय बदलतं वेगाने? जवळजवळ सगळंच!

ध्वनी म्हणजे कंपनं. ध्वनिमुद्रण सव्वापट वेगाने वाजवलं की त्यातलं प्रत्येक कंपन सव्वापट जलद होतं. पेटीवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जाताना कंपनसंख्या सुमारे ६ टक्क्यांनी वाढते; म्हणजे सव्वापट वेगाला गाणं जवळजवळ चार पट्ट्या चढतं. काळी एकमध्ये गाणारा पुरुष थेट पांढरी चारच्या उंबरठ्यावर!

पण खरी गंमत पट्टीच्या पुढे आहे. आपण स्वतः वरच्या पट्टीत गातो तेव्हा स्वरतंतू ताणले जातात, घशा-तोंडाची पोकळी मात्र साधारण तेवढीच राहते. प्रौढ पुरुषात स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत ती सुमारे १७ सेंटिमीटर असते. तिच्या लांबीने काही कंपनं उठावदार होतात, आणि त्यांवरूनच आपला कान न पाहिलेल्या गायकाची चण ओळखतो. वेग वाढवला की हे उठावही वर सरकतात. कानाला वाटतं, ही पोकळी साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपासची. म्हणजे गाणं तेच, पण गाणारं शरीर दुसरं, आणि त्या शरीराने हे गाणं कधी गायलेलंच नाही! शिवाय सेकंदाला सहा वेळा हेलकावणारा स्वर आता साडेसात वेळा हेलकावतो. या आवाजाला माणसाची ऊब आहे, तरी तो कुणा माणसाचा नाही. त्याची ओढ मला इथेच सापडते.

ही करामत जुनीच. अमेरिकेत रॉस बागदासारियन यांनी १९५८मध्ये टेप संथ चालवून आवाज मुद्रित केला, दुप्पट वेगाने वाजवला आणि चिपमंक खारींचा आवाज जन्माला घातला. दुप्पट वेग म्हणजे बरोबर एक सप्तक. २००२च्या सुमारास नॉर्वेच्या दोन विद्यार्थ्यांनी नृत्यगीतं अशीच पळवली; त्यांच्या जोडीचं ‘नाइटकोर’ हे नाव पुढे त्या प्रकारालाच पडलं. आजची चाल त्यांच्याच वळणाची आहे.

वेग वाढवूनही पट्टी जागेवर ठेवता येते, बरं का. बेल प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९६६मध्ये ‘फेज व्होकोडर’ची रीत मांडली: आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकातली कंपनं मोजायची आणि वेगळ्या वेगाने पुन्हा जोडायची. व्हॉट्सॲपवर मावशीचा लांबलचक निरोप दुप्पट वेगाने ऐकताना तिचा आवाज खारीसारखा होत नाही, तो अशाच गणितामुळे. असं गणित आता बहुतेक फोनमध्ये आहे, तरी गाणी पळवणारी मंडळी ते मुद्दाम बाजूला ठेवतात. त्यांना तो बदललेला गळाच हवा असतो.