लांब डबा, लहान वळण : रेल्वेच्या मॉडेलमधली भूमिती



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की दरवर्षी एखादा तरी गट रेल्वेचं मॉडेल करतो. आमच्या मालवणातून रेल्वे जात नाही. गाडी पकडायची तर कुडाळ, कणकवली नाहीतर सिंधुदुर्ग स्थानक गाठावं लागतं. त्यामुळे असेल, पण इथल्या मुलांना रेल्वेचं फार अप्रूप. आज अशाच एका मॉडेलची गोष्ट सांगते आणि त्यातून वर्गात घेता येणारा एक पाठही. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

काय घडलं?

सातवीच्या एका गटाने चार फूट बाय तीन फूट प्लायवूडवर कोकण रेल्वे केली होती. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांमध्ये खाच ठेवून मार्ग बनवला होता. डब्याच्या खाली दोन खिळे होते, ते खाचेतून सरकायचे. प्रमाण १:१००, म्हणजे खऱ्या रेल्वेतला १ मीटर इथे १ सेंटिमीटर. हिशोबाला एकदम सोपं! हल्ली आपल्या मार्गावर दिसणारा एलएचबी डबा २३.५४ मीटर लांब असतो, म्हणून मुलांचा डबा साडेतेवीस सेंटिमीटर. अगदी पट्टीने मोजून केलेला.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी एक मुलगा धावत आला. "बाई, डबो फलाटाक घासता!" बघितलं तर खरंच. सरळ भागात भातशेती आणि पूल असल्यामुळे फलाट वळणावर गेला होता. डबा तिथे आला की टोक फलाटावर आपटायचं. पुढच्या वळणावर बोगदा होता, तिथे डब्याचं पोट आतल्या भिंतीला लागायचं.

मी घाईत होते. म्हटलं, "काप की डबा. पंधरा सेंटिमीटर कर, कोण मोजायला येतंय?" त्याने कापला आणि गाडी छान फिरली.

दुसऱ्या दिवशी एका पाहुण्यांनी तक्त्यावरचं 'प्रमाण १:१००' वाचलं, डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरा डबा मग पंधरा मीटरचा असतो का रे?" मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरं उत्तर माहीत होतं. त्याने स्वतः मोजून केलेला डबा मीच कापायला लावला होता. ते त्याचं बघणं मला अजून विसरता येत नाही.

डबा का घासतो?

आधी एक शब्द नीट करून घेऊ. बोलताना आपण अख्ख्या डब्याला 'बोगी' म्हणतो. खरं तर बोगी म्हणजे डब्याच्या खालची चाकांची गाडी. एका डब्याला अशा दोन बोगी असतात आणि प्रत्येकीला चार चाकं. बोगी रुळाप्रमाणे वळते, पण वरचा डबा वाकत नाही. तो दोन बोगींवर ठेवलेल्या फळीसारखा सरळच राहतो.

वळण म्हणजे वर्तुळाचा कंस. त्या कंसावरच्या दोन बिंदूंवर सरळ फळी ठेवली तर काय होईल? दोन बिंदूंच्या मधला भाग कंसाच्या आत जाईल, कारण ती जीवा आहे. बिंदूंच्या बाहेर उरलेली दोन्ही टोकं कंसाच्या बाहेर जातील. म्हणून पोट बोगद्याच्या आतल्या भिंतीला लागतं आणि टोक बाहेरच्या फलाटाला. डबा करण्यात मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. डबा भूमितीच्या नियमानेच वागत होता.

मुलांना समजावताना लांब शिडीचं उदाहरण द्या. दोघांनी दोन बाजूंनी, टोकापासून थोडं आत धरून शिडी घराच्या कोपऱ्यावरून वळवायची. शिडीचा मधला भाग कोपऱ्याच्या भिंतीला लागतो आणि मागचं टोक अंगणातल्या तुळशीवर जातं. आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने हे पाहिलेलं असतं.

हिशोब करून बघू

सातवीला पायथागोरसचा सिद्धांत असतो आणि नववीला वर्तुळाची जीवा. दोन्ही इथे कामाला येतात.

एलएचबी डब्याच्या दोन बोगींच्या मध्यबिंदूंमधलं अंतर १४.९ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १४.९ सेंमी. आमच्या वळणाची त्रिज्या होती ४० सेंमी. तीन फुटी फळीवर यापेक्षा फार मोठं वळण बसतच नाही.

• अर्धी जीवा = ७.४५ सेंमी. तिचा वर्ग ५५.५.
• ४० चा वर्ग १६००. १६०० − ५५.५ = १५४४.५. याचं वर्गमूळ सुमारे ३९.३.
• ४० − ३९.३ = ०.७. म्हणजे डब्याचं पोट ७ मिलिमीटर आत जातं.

आता टोक. डब्याची अर्धी लांबी ११.७७ सेंमी, तिचा वर्ग १३८.५.

• १५४४.५ + १३८.५ = १६८३. याचं वर्गमूळ सुमारे ४१.
• ४१ − ४० = १. म्हणजे टोक जवळजवळ १ सेंटिमीटर बाहेर जातं.

मुलांनी फलाट डब्यापासून अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवला होता. घासणारच!

आणखी एक गोष्ट मुलांकडून काढून घ्या. त्रिज्या निम्मी, म्हणजे २० सेंमी केली तर पोट सुमारे १.४ सेंमी आत आणि टोक सुमारे २ सेंमी बाहेर जातं. वळण निम्मं केलं की घासणं दुप्पट.

मग खरी रेल्वे का घासत नाही?

हा प्रश्न मुलांनी विचारायलाच हवा. आमच्या मुलांनी विचारला, पण प्रदर्शन झाल्यावर.

कोकण रेल्वेचा मार्ग आखताना वळणाची त्रिज्या कमीत कमी १२५० मीटर ठेवण्याचा निकष होता. एवढ्या मोठ्या वळणावर तोच २३.५४ मीटरचा डबा फक्त सव्वादोन सेंटिमीटर आत जातो आणि टोकं साधारण सव्वातीन सेंटिमीटर बाहेर जातात. आमच्या मॉडेलमधले ७ मिलिमीटर खऱ्या मापात किती होतील? ७० सेंटिमीटर! फरक डब्यात नव्हता, वळणात होता.

वळणं इतकी मोठी ठेवायची तर डोंगराला वळसा घालता येत नाही, आरपार जावं लागतं. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत, त्यामागचं हे एक मोठं कारण. भूगोलाच्या तासाला हे सांगाच.

तरीही खऱ्या रेल्वेला हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. वळणावर फलाट आणि खांब यांच्यासाठी जास्तीची मोकळी जागा ठेवावी लागते, आणि रेल्वेच्या मापांच्या नियमावलीत ती ठरवून दिलेली असते.

उलट बाजूचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९०७ साली सुरू झालेली नेरळ–माथेरान गाडी. डोंगर चढताना तिथे फारच तीव्र वळणं घ्यावी लागली. म्हणून रूळ दोन फुटी आणि डबे आखूड. तिच्या जुन्या वाफेच्या इंजिनांमध्ये तर टोकाचे आस वळणावर थोडे सरकतील अशी रचना होती. कोकण रेल्वेने डब्याला साजेसं वळण ठेवलं, माथेरानने वळणाला साजेसा डबा घेतला. दोन्ही प्रामाणिक उत्तरं आहेत.

छोट्या फळीवर लांब डबा कसा बसवायचा?

छंद म्हणून मॉडेल रेल्वे करणाऱ्यांनाही हीच अडचण येते. जगभर सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे १:८७. त्यात आपला एलएचबी डबा २७ सेंमीचा होतो आणि विकत मिळणाऱ्या रुळांतलं लहान वळण ३६ सेंमी त्रिज्येचं असतं. त्यांनी शोधलेले उपाय आपल्या वर्गातही चालतात.

१. आडाखा लक्षात ठेवा. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान दुप्पट असावी, तिप्पट असेल तर उत्तम. आमचा डबा २३.५ आणि त्रिज्या ४०. दुपटीलाही कमीच!

२. आधी गाडी फिरवा, मग गाव वसवा. सगळ्यात लांब डब्याच्या मध्यावर आतल्या बाजूने आणि टोकांना बाहेरच्या बाजूने पेन्सिल चिकटवा आणि डबा पूर्ण फिरवा. ज्या रेघा उमटतील त्यांच्या आत फलाट, खांब, झाड काही ठेवायचं नाही.

३. फलाट सरळ भागात ठेवा. शेत आणि झाडं वळणावर गेली तरी काही बिघडत नाही.

४. उजवं वळण संपताच डावं सुरू करू नका. मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ भाग हवा. नाहीतर शेजारच्या दोन डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना जातात आणि जोड ओढला जाऊन गाडी घसरते.

५. जोड बोगीला द्या. दोन डबे जोडणारा हूक डब्याच्या टोकाला लावला तर तो टोकाबरोबर बाहेर जातो. बोगीला लावला तर मार्गाच्या जवळ राहतो.

६. तीव्र वळण डोंगराखाली लपवा. आपल्याकडे सह्याद्री आहेच! फक्त बोगदा आतून रुंद करा, तोंडाशी अरुंद दिसला तरी चालेल.

७. डबा आखूड करायचाच असेल तर तसं लिहा. युरोपातल्या नावाजलेल्या कंपन्यांनीही एचओचे डबे लांबीला १:१०० किंवा १:९३.५ प्रमाणात करून विकले आहेत, रुंदी-उंची मात्र १:८७. लहान वळणावर ते बरे फिरतात. आखूड करणं ही फसवणूक नाही. आखूड करून न सांगणं ही फसवणूक.

पुढच्या वर्षी

त्याच गटाला मी पुन्हा बोलावलं आणि आधी चूक कबूल केली. मग सगळे मैदानावर गेलो. १२.५ मीटर दोरी घेतली, एक टोक मध्ये धरलं आणि फक्कीने कंस काढला. १:१०० प्रमाणात कोकण रेल्वेचं वळण एवढं मोठं! त्यावर साडेतेवीस सेंटिमीटरचा डबा ठेवला. पोट आत गेलेलं डोळ्यांना दिसेचना. मुलं दोनदोनदा वाकून बघत होती.

मॉडेल पुन्हा केलं. डबा पूर्ण लांबीचा, फलाट सरळ भागात, बोगदा रुंद. तक्त्यावर मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'डबा १:१०० प्रमाणात आहे. वळण प्रमाणात नाही. प्रमाणात केलं तर ते आमच्या वर्गात मावणार नाही.' त्या वर्षी मॉडेलपेक्षा ही ओळच जास्त लोकांनी थांबून वाचली.

पुण्याला सहल नेणार असाल तर कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय जरूर दाखवा. १९९८ साली, म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली त्याच वर्षी, ते सुरू झालं. मुलांना आधीच सांगून ठेवा : इंजिनाकडे सगळे बघतात, तुम्ही वळणावरच्या डब्याच्या टोकाकडे बघा.

आणि पालकहो, घरी मूल म्हणालं की "हे बसत नाहीये", तर कात्री पुढे करण्याआधी एकदा विचारा, "का बसत नाही?" मी हे विचारायला वर्षभर उशीर केला.