डीएनएची नक्कल आणि गिरणगावातल्या बायका

एका वाचक ताईंनी विचारलं आहे : ‘गरोदर बाईला रोज फॉलिक अ‍ॅसिड घ्यायला सांगतात. रक्ताच्या कर्करोगात मात्र मेथोट्रेक्सेट देतात आणि ते फॉलिक अ‍ॅसिडच्या विरोधातलं औषध आहे म्हणे. एकीकडे जे हवं, तेच दुसरीकडे अडवायचं, हे कसं?’

प्रश्न फार नेमका आहे. पेशी आपल्या डीएनएची नक्कल करणाऱ्या विकरांना ताब्यात कशी ठेवते, याचं निम्मं उत्तर त्यातच दडलं आहे. त्या उत्तराचा एक मोठा धागा १९३०च्या आसपास मुंबईत हाती लागला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

माणसाची पेशी दुभंगण्याआधी सुमारे सहा अब्ज अक्षरांची नक्कल साधारण आठ तासांत उरकते. हे काम करणारी विकरं म्हणजे डीएनए पॉलिमरेज. एक पॉलिमरेज सेकंदाला पन्नासेक अक्षरं जोडतं. एकट्यानं सगळं करायचं म्हटलं तर चार वर्षं जातील. म्हणून हजारो ठिकाणी एकदम सुरुवात होते आणि तिथेच पहिला लगाम लागतो. सुरुवातीच्या प्रत्येक जागेवर विभाजनाआधी प्रथिनांचं एक कडं चढवलेलं असतं. नक्कल सुरू झाली की नवं कडं चढवायला बंदी. ही बंदी राखणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं नाव जेमिनिन. ते नसेल तर तोच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवला जाईल.

पण मला जास्त मोह पडतो तो दुसऱ्या लगामाचा. पेशी विकराला जितकी आवरते, तितकीच त्याला लागणारी अक्षरं आवरते.

जुन्या छापखान्यात कंपोझिटर खिळे जुळवून पान उभं करायचा. त्याचा हात कितीही सराईत असो, समोरच्या केसमध्ये खिळेच नसतील तर पान अडलंच. जावजी दादाजींच्या निर्णयसागरची कीर्ती छपाईइतकीच तिथल्या टाइप फाउंड्रीमुळे होती, ती उगीच नाही. पेशीतही अक्षरं ओतणारी अशी फाउंड्री आहे, तिचं नाव रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज. नक्कल करायची वेळ आली की तिचं काम वाढतं, एरवी मंदावतं. केसमध्ये ‘ए’ अक्षराचा साठा वाढला की ते अक्षरच जाऊन फाउंड्रीला चिकटतं आणि तिला थांबवतं. शिवाय स्वस्थ बसलेल्या पेशीत उरलेली अक्षरं मोडून टाकणारं वेगळं विकर असतं. एवढी काटकसर कशासाठी? तर चार अक्षरांचा समतोल बिघडला की पॉलिमरेजच्या हातून चुका वाढतात. टंचाई वाईट आणि सुकाळही वाईट.

आता फॉलिक अ‍ॅसिड. डीएनएतलं ‘टी’ हे अक्षर पेशी ‘यू’ या अक्षराला कार्बनचा एक छोटा तुकडा जोडून बनवते आणि तो तुकडा फॉलेट, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचं शरीरातलं रूप, आणून देतं. फॉलेट कमी पडलं की ‘टी’चे खिळे संपतात. पॉलिमरेज मग त्या जागी ‘यू’ बसवतं. मुद्रितशोधन करणारी विकरं तो काढतात, पुन्हा ‘यू’च बसतो, पुन्हा काढला जातो आणि या काढघालीत पानच फाटतं, म्हणजे डीएनएचा धागा तुटतो. आरएनएला मात्र ‘टी’ लागतच नाही. त्यामुळे प्रथिनं बनणं चालू राहतं, पेशी फुगत जाते, पण दुभंगू शकत नाही. आपल्या अस्थिमज्जेत सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी तयार होतात. साहजिकच टंचाईची पहिली झळ रक्ताला लागते. पेशी थोड्या आणि आकारानं मोठ्या, असा हा अ‍ॅनिमिया.

हाच अ‍ॅनिमिया लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंना मुंबईत दिसला. १९२८मध्ये त्या भारतात आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून बाळंतपणातल्या मृत्यूंच्या कारणांचा शोध चालला होता. गिरणीत राबणाऱ्या गरीब, गरोदर बायका या आजारानं दगावत होत्या. यकृताचा शुद्ध केलेला अर्क तेव्हा घातक अ‍ॅनिमियावरचा नवा रामबाण मानला जाई, पण इथे तो चालेना. कच्चा अर्क चाले. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गळत होतं. प्रयोगातल्या माकडांना आणि मग रुग्ण बायकांना यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिल्यावर त्या झपाट्यानं सुधारल्या. १९३१मध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अज्ञात घटकाला लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा झाला आणि फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं.

विल्स यांना मान मिळाला, २०१९मध्ये गूगलनं त्यांच्या जन्मदिनी डूडलही केलं. ते योग्यच. पण १९३०च्या त्यांच्या शोधनिबंधांवर आणखी दोन नावं आहेत : एम. एम. मेहता आणि एस. एन. तळपदे. मुंबईतल्या बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी विल्स आणि तळपदे यांच्या नावावर आहे. आजाराचं मूळ ताटात आहे, हा संशय अशा पाहणीवाचून पक्का झाला नसता. ज्या माहितीवर एवढा मोठा शोध उभा राहिला, ती गोळा करणाऱ्यांची नावं आपल्याच पाठ्यपुस्तकात नसावीत, हे मला अजिबात पटत नाही. विद्यापीठांतल्या जीवरसायनशास्त्राच्या वर्गात फॉलेट शिकवताना ही दोन नावं फळ्यावर लिहायला हवीत.

पुढची कडी भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची. अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या गटानं फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं आणि नंतर त्याच्यासारखी दिसणारी, पण त्याचं काम अडवणारी द्रव्यंही बनवली. त्यातलंच एक, अमिनोप्टेरिन, सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं. १९४८च्या त्यांच्या निबंधात १६पैकी १० मुलांना काही काळ आराम पडल्याची नोंद आहे. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. गर्भात पेशी भराभर वाढायला हव्यात, म्हणून ‘टी’चा पुरवठा राखायचा. कर्करोगाच्या पेशींनी सगळे लगाम झुगारलेले असतात, पण खिळ्यांवाचून त्यांचंही पान अडतंच, म्हणून पुरवठा तोडायचा. केसांची मुळं, आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा यांचीही नक्कल सतत चालू असते. म्हणून रसायनोपचारात केस गळतात, तोंड येतं, रक्त कमी होतं. मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेनंतर निरोगी पेशींना वाचवायला फॉलेटचंच एक रूप, ल्युकोव्होरिन, देतात. छत्रपती संभाजीनगरातल्या आमखास मैदानाजवळच्या आपल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसं येतात. त्यांच्या नातेवाइकांना एवढं कळलं, तरी औषधाची भीती बरीच कमी होईल.

‘डीएनए दुरुस्त करणाऱ्या’ कॅप्सूलच्या जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नका. ज्या यंत्रणेला सुकाळही मानवत नाही, तिथे डब्यातून अक्षरं ओतून काय साधणार? फॉलेटचंही तसंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. दोन तृतीयांश बायकांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, फॉलेटची उणीव जवळजवळ नव्हती. ज्यांच्यात फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक दिसलं. बी-१२ नसेल तर फॉलेट एकाच रूपात अडकून पडतं. वरून फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं.

तेव्हा दोन गोष्टी करा. मूल हवं असेल तर फॉलिक अ‍ॅसिड दिवस जाण्याआधीच, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, सुरू करा. गर्भाची मज्जानलिका पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मिटते आणि तेव्हा बहुतेक जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. आणि घरात शाकाहारी जेवण असेल, तर हिमोग्लोबिनच्या जोडीनं बी-१२चीही तपासणी करून घ्या.