बर्फावरचा गोलकीपर आणि त्याची शाळा

"खेळ की अभ्यास?" हा प्रश्न आपल्या मॉरिशसमधील मराठी घरांत परीक्षा जवळ आली की निघतोच. मुलगा संध्याकाळी फुटबॉल खेळून घरी आला की आई म्हणते, पुरे झाले आता. टुईशन चुकली की वडील रागावतात. दोन्ही एकदम करू गेलास तर एक ना धड, भाराभर चिंध्या, असे आजीही ऐकवते. या काळजीत खोटे काही नाही. एस. सी. आणि एच. एस. सी.च्या निकालावर मुलाचे पुढचे आयुष्य किती अवलंबून असते, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. तरीही या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहायला शिकवणारा एक खेळाडू कॅनडात होऊन गेला. त्यांचे नाव केन ड्रायडन. ५ सप्टेंबर २०२५ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांचा खेळ बर्फावरील हॉकी. आपल्या उष्ण बेटावर हा खेळ फारसा परिचयाचा नाही, म्हणून थोडे सांगतो. गोलकीपर धरून प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू पायांत स्केट घालून बर्फावर धावतात. चेंडूऐवजी कडक रबराची जाड चकती असते. तिला पक म्हणतात. जोरात मारलेली पक ताशी दीडशे किलोमीटरहूनही अधिक वेगाने येते आणि गोलकीपरला ती अंगावर घ्यावी लागते. कॅनडात या खेळाचे वेड एवढे की चांगला खेळणारा मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावी जातो, परक्या कुटुंबात राहतो आणि तिथल्या संघातर्फे हंगामात साठ-साठ सामने खेळतो. शाळा चालू असते, पण मन कुठे असते हे सांगायला नको.

केन यांचा जन्म १९४७ साली हॅमिल्टन येथे झाला. ते वाढले टोरंटोजवळील एटोबिको येथे. वडिलांनी घरामागचे अंगण फरसबंद करून तिथे गोल उभे केले होते. सहा वर्षांनी मोठा भाऊ डेव्ह आणि शेजारची मुले यांच्याबरोबर केन तिथे टेनिसच्या चेंडूने तासन्‌तास खेळत. तिथे ना प्रशिक्षक होता, ना शिट्टी, ना वेळापत्रक. दोघेही भाऊ गोलकीपर झाले. १९७१ च्या मार्चमध्ये ते व्यावसायिक सामन्यात एकमेकांसमोर उभे राहिले. डेव्ह पुढे शाळेचे मुख्याध्यापक झाले.

१९६४ साली, सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, व्यावसायिक संघाने केन यांची निवड केली. दुसरा कोणी असता तर पुस्तके गुंडाळून निघाला असता. त्या काळी विद्यापीठातून आलेले खेळाडू मोठ्या लीगमध्ये क्वचितच दिसत. असे असूनही केन यांनी शाळा पूर्ण केली आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात इतिहास शिकायला गेले. तिथे १९६७ साली त्यांच्या संघाने अमेरिकन विद्यापीठांचे अजिंक्यपद पटकावले. तीन हंगामांत ते ७६ सामने जिंकले आणि केवळ ४ हरले. १९६९ साली त्यांनी पदवीही घेतली.

त्यानंतर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ते कायदा शिकू लागले. त्याच वेळी १९७१ साली मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाने त्यांना मोठ्या लीगमध्ये उतरवले. केवळ सहा साखळी सामन्यांचा अनुभव असलेल्या या विद्यार्थ्याने बाद फेरीत आदल्या वर्षीच्या विजेत्या बॉस्टन संघाला रोखले. शेवटी स्टॅन्ले कप मॉन्ट्रियलने जिंकला आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हाच विद्यार्थी. कायद्याची पदवी त्यांनी १९७३ साली मिळवली. त्या वर्षी करारावरून संघाशी मतभेद झाले, तेव्हा ते हंगामभर खेळलेच नाहीत. टोरंटोत वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करू लागले. हाती दुसरी विद्या होती, म्हणूनच "नाही" म्हणण्याचे बळ होते. पुढल्या हंगामात ते परतले आणि १९७६ ते १९७९ सलग चार वेळा कप जिंकून, एकूण सहा विजेतेपदांनिशी, ३१ व्या वर्षी निवृत्त झाले.

निवृत्तीनंतरही त्यांची शाळा सुटली नाही. १९८३ साली त्यांनी आपल्या खेळावर 'द गेम' हे पुस्तक लिहिले. मुलांचा मोकळा वेळ वेळापत्रकांनी खाऊन टाकला, ही त्यातली खंत आपल्याही कानी पडावी अशी आहे. पुढे हा नामांकित माणूस एका सरकारी हायस्कुलात मुलांबरोबर वर्गात जाऊन बसला आणि शाळा आतून कशी चालते ते पाहून १९९५ साली त्यावर पुस्तक लिहिले. २००४ ते २००६ या काळात ते केंद्रीय मंत्री होते. लहान मुलांच्या संगोपनाची देशव्यापी योजना उभी करण्यासाठी ते तेव्हा झटले. २०२३ साली त्यांनी पुन्हा पुस्तक लिहिले, तेही १९६० साली हायस्कुलात सुरू झालेल्या आपल्या वर्गावर आणि त्यातल्या सोबत्यांच्या पुढील आयुष्यावर!

वाचकहो, प्रत्येक मूल ड्रायडन होणार नाही, व्हायलाही नको. त्यांची बुद्धी आणि त्यांना घरून मिळालेला आधार सर्वांच्या वाट्याला येत नाही. पण त्यांच्या उदाहरणातून दोन गोष्टी आपल्याला घेता येतात. खेळात चमकणाऱ्या मुलाला, "शाळा कशाला हवी?" असे कोणी सांगू लागले तर ऐकू नका. एक दुखापत झाली की खेळ संपतो, शिक्षण मात्र सोबत राहते. आणि अभ्यासू मुलाचे मैदान परीक्षेच्या नावाखाली एकदम बंद करू नका. हरल्यावर पुन्हा उभे राहणे, सोबत्यावर विश्वास टाकणे, चूक झाली तरी पुढच्या चेंडूकडे लक्ष देणे, हे धडे आम्ही फळ्यावर लिहून देऊ शकत नाही.

टुईशनच्या वहीत आठवड्यातले सगळे तास भरले असतील, तर त्यातला रोजचा एक तास खोडून अंगणाला द्या. तिथेही मूल शिकतच असते.